शेपू व बाळंतशोपा : घरगुती उपयोग आणि त्यांच्या मर्यादा

हिवाळ्याच्या दिवसांत अक्कलकोटच्या बाजारात जी पालेभाजी डोळ्यांआधी नाकास कळते ती शेपूची होय. मेथीची पेंडी शोधावी लागते. शेपूची पेंडी वासावरून सापडते. हा वास ज्यांस आवडतो त्यांस फार आवडतो, आणि ज्यांस आवडत नाही ते शेपू शिजत असता ओसरीवर जाऊन बसतात. जेवणानंतर तासभराने येणारा शेपूचा ढेकर हा तर आपल्याकडे थट्टेचाच विषय होऊन राहिला आहे. परंतु ज्या द्रव्यामुळे हा वास व हा ढेकर येतो, त्याच द्रव्याकरिता या झाडाचे बी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीच्या खोलीत आणि गोठ्यात औषध म्हणून वापरले जात आहे. आमच्या कित्येक सभासद बंधूंची पृच्छा अशी आहे की, वाफ्यातला शेपू बियांवर सोडून घरच्या बाळंतपणास लागणाऱ्या शोपा घरीच करता येतील काय, व त्या दुकानच्या शोपांइतक्या गुणकारी होतील काय. करता येतील, आणि बहुधा अधिक चांगल्या होतील, हे उत्तर प्रथमच देऊन ठेवतो. तथापि त्या कोणास द्याव्या, कशा द्याव्या आणि कोठे मुळीच देऊ नयेत, हा भाग लागवडीहून अधिक महत्त्वाचा असल्याने आरंभ तेथूनच करू.

प्रथम नावाचा घोळ मिटविला पाहिजे. दुकानात नुसत्या ‘शोपा द्या’ म्हटले तर दुकानदार बहुधा बडीशेप पुढे करतो. बडीशेप हे निराळे झाड असून संस्कृत निघंटूंत तिला मिश्रेया म्हटले आहे. शेपूचे बी म्हणजे बाळंतशोपा. तिची संस्कृत नावे शतपुष्पा व शताह्वा अशी आहेत. आपल्या तालुक्याची शीव पूर्वेस व दक्षिणेस कर्नाटकास लागलेली असल्यामुळे निम्म्या घरांत याच भाजीला सब्बसिगे म्हणतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. वनस्पतिशास्त्रात तिला अनेथम ग्रॅव्हिओलेन्स असे नाव आहे. हिंदुस्थानातील जातीस पूर्वी अनेथम सोवा असे स्वतंत्र नाव दिले जाई. कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप व गाजर ही सर्व तिच्याच कुळातली. या सर्वांचा फुलोरा उघडलेल्या छत्रीसारखा असतो आणि सर्वांच्या बियांत सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या असतात.

बी ओळखणे अवघड नाही. बडीशेपेचा दाणा हिरवट, भरीव व उभ्या रेघांचा असतो आणि चवीला गोड लागतो. बाळंतशोपेचा दाणा त्याहून लहान, चपटा व तपकिरी असून त्याच्या दोन्ही कडांना फिकट रंगाची बारीक किनार असते. चावल्यास आधी किंचित कडू, मग तिखट व शेवटी जिभेवर थंडावा लागतो. दाणा तळहातावर चोळून वास घ्यावा. वास न आल्यास त्या शोपा जुन्या झाल्या, त्यांत औषध उरले नाही असे समजावे.

हा वास कशाचा, याचा शोध रसायनशास्त्राने लावलेला आहे. बियांत शेकडा 2 ते 4 या प्रमाणात उडून जाणारे तेल असते. त्या तेलात कार्व्होन व लिमोनीन ही दोन द्रव्ये मुख्य होत. गंमत अशी की, पुदिन्याच्या एका विलायती जातीस जो वास येतो तोही कार्व्होनचाच. परंतु डावा हात व उजवा हात यांत जो फरक तोच या दोन कार्व्होनांच्या घडणीत असल्यामुळे नाकाला ते दोन निरनिराळे वास वाटतात. आपल्या देशी शेपूच्या तेलात याखेरीज डिलापिओल नावाचे एक जड द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते. युरोपातील शेपूत ते नसल्यासारखेच असते, आणि कार्व्होन मात्र आपल्याहून अधिक असते. म्हणून विलायती पुस्तकात शेपूच्या तेलाविषयी जे लिहिलेले असते ते आपल्या शेपूला जसेच्या तसे लावता येत नाही. ही गोष्ट पुढे गरोदर स्त्रियांच्या संबंधात पुन्हा येईल.

आपल्या वैद्यकात या बियांचे स्थान जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधांचे जे पन्नास गण सांगितले आहेत, त्यांपैकी आस्थापन व अनुवासन या दोन्ही प्रकारच्या बस्तींना साहाय्य करणाऱ्या गणांत शतपुष्पेचे नाव आहे. बस्ती म्हणजे गुदमार्गाने द्यावयाचे औषध, व तिचा मुख्य विषय वायू. तेव्हा प्राचीन वैद्यांनीही हे बी वातावरच योजले होते असे दिसते. काश्यपसंहिता हा बालरोग व प्रसूती यांवरील ग्रंथ नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून 1938 साली छापून प्रसिद्ध झाला. त्याच्या कल्पस्थानात शतपुष्पा व शतावरी या दोघींकरिता एक संपूर्ण अध्याय खर्ची घातलेला आहे. स्त्रियांच्या औषधांत शेपूला एवढा मान असणे ही केवळ आपल्या आजीबाईंची कल्पना नव्हे, हे यावरून लक्षात येईल. मात्र ग्रंथात आहे म्हणून ते सिद्ध झाले असे नव्हे, व आजीबाई सांगतात म्हणून ते खोटे असेही नव्हे. आम्ही प्रत्येक उपयोग निरनिराळा तपासू.

बाळंतिणीस द्यावयाच्या शोपा

आपल्याकडे बाळंतपणानंतर दीड महिना जेवणानंतर जी ‘सुपारी’ दिली जाते, तीत सुपारी नसतेच. मंद आचेवर भाजलेल्या बाळंतशोपा, तीळ, थोडा ओवा, किसून भाजलेले सुके खोबरे व चवीपुरते सैंधव असे तिचे सामान असते. घरोघर प्रमाण निराळे. कोणी बडीशेपही घालतात. ही सुपारी जेवणानंतर चमचाभर चावून खावी. तिचा पहिला गुण पाचक. प्रसूतीनंतर हालचाल कमी, तुपाचे व डिंकाचे पदार्थ अधिक, यामुळे पोट फुगणे व मलावरोध होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी शोपांनी वायू सरून बरे वाटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आतड्याच्या स्नायूंचा आवळ या तेलाने सैल पडतो असे प्राण्यांवरील प्रयोगांतही दिसलेले आहे. तीळ व खोबरे यांचे पोषण मिळते ते निराळेच.

दुसरा गुण दूध वाढविण्याचा सांगतात. याविषयी आम्हांस सावधपणे लिहिणे भाग आहे. शोपांनी दूध वाढते असे निश्चित म्हणता येईल एवढा पुरावा माणसांवरील प्रयोगांतून मिळालेला नाही. दूध वाढते ते मूल वारंवार अंगावर घेतल्याने, स्तन रिकामा झाल्याने, आईस पोटभर अन्न, पाणी व झोप मिळाल्याने. सुपारी चघळून तहान लागते व बाळंतीण पाणी अधिक पिते, हाही तिचा एक आडवाटेचा उपयोग असू शकेल, असे आम्हांस वाटते. परंतु ज्या घरांत बाळंतिणीस पाणी कमी द्यावयाचे, भाज्या बंद करावयाच्या व दुधासाठी शोपांवर भिस्त ठेवावयाची, अशी रीत अद्याप आहे, त्या घरांत शोपा काही करू शकणार नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांचे पिवळसर दाट दूध वाईट म्हणून पिळून टाकण्याची चाल कोठे कोठे दृष्टीस पडते. ती तर मुलाच्या तोंडचे सर्वांत मोलाचे औषध फेकून देण्यासारखी आहे. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून बंद करून त्यांच्या जागी शोपा देणे हेही तितकेच अनुचित होय.

गरोदरपणात मात्र शोपांचे औषध म्हणून सेवन करू नये. शेपू उष्ण म्हणून गर्भिणीस देऊ नये असे आपल्या बायका म्हणतात; त्यात तथ्य आहे. वर सांगितलेले डिलापिओल हे ज्या द्रव्यांच्या जातीचे आहे, ती मोठ्या मात्रेत गर्भाशयास अपायकारक असतात. जेवणात कधीमधी शेपूची भाजी आली तर भिण्याचे कारण नाही. परंतु शोपांचा दाट काढा, शोपांचे तेल किंवा रोजची फक्की ही गरोदर स्त्रीने टाळावी.

धुरीविषयी एक अनुभव

बाळंतशोपांचा तिसरा उपयोग धुरीचा. शेगडीतील निखाऱ्यांवर शोपा, ओवा, वावडिंग व लसणाच्या साली टाकून त्या धुराने बाळ-बाळंतिणीस शेकतात. यासंबंधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याच्या घरची सांगितली तर ती कोणी खरी मानत नाही.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात आमची पुतणी बाळंतपणास माहेरी आली होती. त्या वर्षी थंडी बरीच होती. बाळंतिणीची खोली म्हणजे जुन्या वाड्यातील आतली खण, एकच दार, खिडकी नाही. वारा लागू नये म्हणून दाराला घोंगडी लावलेली. रात्री न्हाणे झाल्यावर शेगडी आत नेली, धुरी दिली, आणि ऊब राहावी म्हणून शेगडी तेथेच ठेवली. पहाटेच्या सुमारास मुलगी डोके फार दुखते म्हणू लागली, मग ओकली, आणि उठून बसावयास गेली तो तिचे पाय लटपटले. मूल नेहमीप्रमाणे रडत नव्हते, गळून पडले होते. घरातील वडीलधाऱ्यांनी दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्यांची तयारी चालविली. शेजारची म्हातारी सुईण मात्र दारात येताच कानडीत एवढेच म्हणाली की, आधी हे घोंगडे काढा. तिने मूल व बाळंतीण दोघांस ओसरीवर आणविले आणि शेगडी उचलून अंगणात नेली. दवाखान्यात जाईतो दोघेही सावरली होती. तेथे सांगण्यात आले की, ही बाधा निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूची होती, व आणखी तासभर दार लावून राहिली असती तर दोघांपैकी कोणीही हाती लागले नसते.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. लाकडाचा धूर डोळ्यांस झोंबून माणसास बाहेर काढतो. लाल फुललेला निखारा शांत व निरुपद्रवी दिसतो, आणि तोच हा वायू सोडीत असतो. वर शोपांचा सुवास खोलीत दरवळत असल्याने हवा शुद्धच झाली असा समज होतो. धुरीने जंतू मरतात अशीही एक समजूत आहे, परंतु नवजात मुलाच्या फुप्फुसांस कोणताही धूर वाईटच. त्या दिवसापासून आमच्या घरी शेगडी आत नेणे कायमचे बंद झाले. ऊब हवी असेल तर मूल आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून दोघांवर पांघरूण घालावे. त्याहून चांगली ऊब कोणत्याही शेगडीत नाही. वासाची हौस असेल तर शोपांची पुरचुंडी उशाशी ठेवावी. ती सुईण आता हयात नाही. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु त्या पहाटे आम्हां शिकलेल्यांहून तिलाच अधिक कळले, हे येथे नमूद केले पाहिजे.

मुलांस शोपांचे पाणी

लहान मुलाचे पोट दुखते म्हणून शोपांचे पाणी पाजण्याची चाल केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथील विल्यम वुडवर्ड नावाच्या औषध्याने 1851 साली ‘ग्राइप वॉटर’ तयार केले, त्यात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर व पाणी यांबरोबर मद्यार्कही होता. पुढे ते जगभर पसरले व आपल्याकडेही घरोघर पोचले. मूल शांत होई ते शेपूने, साखरेने की मद्यार्काने, याचा विचार पुष्कळ वर्षे कोणी केला नाही. इंग्लंडात त्यातील मद्यार्क 1992 साली काढून टाकण्यात आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. निरोगी मुले जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळच्या वेळी विनाकारण रडू लागतात, सुमारे सहाव्या आठवड्यास हे रडणे सर्वांत अधिक होते, आणि तीन-चार महिन्यांत ते आपोआप कमी होते. या मुदतीत जे औषध चालू असेल त्याला गुणाचे श्रेय मिळते. शोपांच्या पाण्यास असे फुकटचे श्रेय बरेच मिळालेले असावे.

आज जगातील आरोग्याधिकाऱ्यांचे एकमत आहे की, पहिले सहा महिने मुलास आईच्या दुधावाचून काहीही देऊ नये, पाणीही नको. सहाण, उगाळलेली गुटी, वाटी, चमचा, बोंडले यांतून जुलाबाचे जंतू मुलाच्या पोटात जातात, आणि शोपांच्या पाण्याने भरलेल्या पोटी मूल दूध कमी पिते. तेव्हा शोपा खावयाच्या त्या आईने. मुलास त्यांतील जे मिळावयाचे ते दुधातून मिळेल. मूल सतत रडते, हिरवे ओकते, पोट टणक लागते, ताप आहे किंवा दूध घेत नाही, असे असल्यास घरगुती उपायांत एक घटकाही न दवडता दवाखाना गाठावा.

मोठ्या माणसांच्या पोटात वायू धरला असता मात्र शोपांचा उपयोग निर्धास्तपणे करावा. चमचाभर शोपा खलात अर्धवट कुटाव्या, त्यांवर कपभर उकळते पाणी ओतून लगेच झाकण ठेवावे, दहा मिनिटांनी गाळून कोमट असता प्यावे. झाकण महत्त्वाचे आहे. आपल्या घरी शोपा उघड्या भांड्यात पाव हिस्सा पाणी उरेपर्यंत उकळतात. तेव्हा घरभर वास सुटतो आणि सर्वजण म्हणतात, काय छान काढा झाला! जो वास घरभर गेला तोच गुण होता. भांड्यात उरते ते कडू पाणी. त्याच कारणास्तव भाजताना शोपा काळपट होऊ देऊ नयेत व कुटून ठेवू नयेत. छातीत आवळून येणे, डाव्या हातात कळ जाणे, घाम सुटणे यांस वायू समजून शोपा चघळीत बसणाऱ्यांची गोष्ट निराळी. ते दुखणे हृदयाचे असू शकते, व तेथे वेळ घालविणे प्राणावर बेतते.

पानांचा उपयोग औषधापेक्षा अन्न म्हणूनच अधिक. मुगाच्या डाळीत घातलेला शेपू, लसणाची फोडणी व ज्वारीची भाकरी हे जेवण पचावयास हलके आहे. पाने तेलात गरम करून गळवावर बांधतात. त्याने शेक मिळतो एवढेच, गळू पिकून ताप आल्यास त्यावर विसंबू नये. शेपूचा रस अंगास लागून त्यावर कडक ऊन पडले असता काहींच्या कातडीस पुरळ उठते, सबब खुडणी सकाळी करून हात धुवावे.

गोठ्यातील उपयोग

व्यालेल्या गाई-म्हशीस बाजरीची घुगरी, गूळ, मेथ्या, ओवा व मूठभर शोपा देण्याचा प्रघात चांगला आहे. जनावर थकलेले असते, त्यास ऊन व पचणारे खाणे मिळते. जार पडण्यासही शोपा देतात. परंतु बारा तासांत जार न पडल्यास पशुवैद्यास बोलवावे, आणि तो हाताने ओढून काढण्याचा किंवा त्याला दगड बांधण्याचा अघोरी प्रकार करू नये. दुभत्या जनावरास शोपा द्यावयाच्या त्या धार काढल्यानंतर द्याव्या. आधी दिल्यास दुधास वास लागतो.

किरकोळ अपचनात, जनावर रवंथ मंद करते व शेण घट्ट टाकते अशा वेळी, मूठभर शोपा, अर्धी मूठ ओवा, हरभऱ्याएवढा हिंग व गूळ एकत्र कुटून त्याचे गोळे चारावेत. पोटफुगीत मात्र निराळा विचार केला पाहिजे. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली, जनावर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, म्हणजे शोपा कुटीत बसण्यास वेळ नाही. जनावराचे पुढचे पाय उंचवट्यावर येतील असे उभे करावे आणि पशुवैद्यास निरोप धाडावा. ओला लसूणघास किंवा कोवळा हरभरा खाऊन फेसाची फुगी झाली असेल तर मोठ्या जनावरास पाव ते अर्धा लिटर खाण्याचे गोडे तेल सावकाश पाजावे. रॉकेल पाजू नये. पाजताना जीभ बाहेर ओढू नये व मान फार उंच करू नये. नळकांड्याने पाजलेले औषध फुप्फुसात जाऊन जितकी जनावरे दगावतात, तितकी कित्येकदा मूळ दुखण्याने दगावत नाहीत.

आणखी एक इशारा आपल्या ज्वारीच्या मुलखास अवश्य दिला पाहिजे. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडव्यास फुटलेले हिरवे पोंगे खाऊन जनावर थरथरते, लाळ गाळते, कोलमडते. ही पोटफुगी नव्हे, हे ज्वारीतील हायड्रोसायनिक विष होय. त्यावर शोपा, ओवा, ताक यांपैकी कशाचाही उपयोग नाही. शिरेतून द्यावयाचे उताऱ्याचे औषध पशुवैद्यापाशी असते, आणि जनावराचे आयुष्य त्या वेळी मिनिटांत मोजावयाचे असते.

घरच्या शोपांची लागवड

शेपूस भारी जमीन लागतेच असे नाही. निचरा असला म्हणजे मध्यम काळीतही तो चांगला येतो. पाणथळात मात्र मुळे कुजतात. भाजीकरिता तो बाराही महिने पेरतात, परंतु बियांकरिता रब्बीच धरावी. दिवस मोठा होऊ लागला की शेपू फुलावर येतो, आणि उन्हाळ्यात पेरलेला शेपू अंग धरण्याआधीच डेंगळतो. आश्विनात, म्हणजे ऑक्टोबरात, पेरलेल्यास वाढीला अडीच-तीन महिने थंडी मिळून पुढे फूल भरदार येते. बोरी नदीच्या काठी व कुरनूर धरणाच्या पाण्यावर ज्यांची बागाईत आहे त्यांनी दोन वाफे राखून ठेवले तरी पुरे. जिरायतवाल्यांनी हरभऱ्याच्या कडेने दोन ओळी टाकाव्या. शेतभर पेरणाऱ्यास बागाइतीत एकरी सुमारे दोन किलो व जिरायतीत त्याच्या दुप्पट बी लागते. राजस्थानात अजमेर येथील मसाला पिकांच्या केंद्राने बियांसाठी दोन वाण काढले आहेत. त्यांपैकी ‘अजमेर डिल 1’ हा विलायती जातीचा व ओलिताचा, आणि ‘अजमेर डिल 2’ हा देशी जातीचा व कोरडवाहूस चालणारा आहे. बाळंतशोपांसाठी आम्ही देशीच पसंत करू, कारण आपल्या अनुभवातील गुणदोष तिचे आहेत.

बी दीड-दोन सेंटिमीटरहून खोल पडू नये. उगवण आठ-दहा दिवसांनी होते, तोवर वाफा सुकू देऊ नये. सोटमूळ असल्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावल्यास ते धरत नाही. जेथे ठेवावयाचे तेथेच पेरावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विरळणी करून दोन झाडांत वीतभर अंतर राखावे, निघालेली रोपे भाजीस घ्यावी. राखलेल्या झाडांचा पाला मात्र खुडू नये. भाजीही हवी आणि बीही हवे असा लोभ करणाऱ्यास दोन्ही निकृष्ट मिळतात.

फुलोऱ्यावर मावा येतो. येथेच बहुतेकजण चुकतात. फुलांवर मधमाश्यांची गर्दी असते, त्यांच्यावाचून दाणे भरत नाहीत. शिवाय मावा खाणारे ठिपक्यांचे भुंगेरे याच फुलांवर जमतात. तेव्हा विषारी फवारणी न करता मावा लागलेल्या छत्र्या खुडून टाकाव्या किंवा निंबोळीचा अर्क सायंकाळी मारावा. ज्या बिया बाळंतिणीच्या पोटात जावयाच्या त्यांवर फुलोऱ्यात कीटकनाशक मारणे आम्हांस तरी मान्य नाही.

पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतील उरलेले बी घरात कधीही वापरू नये, हे घरातील बायकांस निक्षून सांगावे. त्या बियांस थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते. कधी त्यास लाल-गुलाबी रंग दिलेला असतो, कधी रंग चटकन दिसत नाही. धुऊन ते जात नाही. पिशवीवर कवटीची खूण असो वा नसो, पेरणीचे बी कुलपात, आणि खाण्याच्या शोपा फडताळात.

फाल्गुनात छत्र्या तपकिरी होऊ लागतात. सर्व छत्र्या एकदम पिकत नाहीत. मधली आधी, कडेच्या मागाहून. सर्व पिकेपर्यंत वाट पाहिल्यास मधल्या छत्रीचे दाणे गळून जमिनीत जातात. निम्म्याहून अधिक छत्र्यांचा रंग पालटताच पहाटे दव असता विळ्याने कापणी करावी, पेंढ्या चादरीवर घेऊन सावलीत चार-सहा दिवस वाळवाव्या व काठीने हलके झोडपाव्या. खळ्यावर भर उन्हात तापविल्यास दाणा दिसतो चांगला, पण तेल उडून जाते. उफणून, चाळून, दाताखाली कडकन फुटेल इतका कोरडा झालेला दाणा घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा पत्र्याच्या डब्यात अंधाऱ्या व थंड जागी ठेवावा. डब्यावर वर्ष लिहावे. दोन वर्षांहून जुन्या शोपा औषधास घेऊ नयेत, त्या गाईच्या घुगरीत घालाव्या. घरात बाळंतपण असो वा नसो, दरसाल वाफाभर शेपू बियांवर सोडला म्हणजे डबा रिकामा राहत नाही.